आवाज सारखा करताना : सातारा, सांगली आणि पातळ्यांचा इतिहास

मराठीत ‘आवाज चढवणे’ हा शब्दप्रयोग दोन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. गवई मध्यसप्तकातून तारसप्तकाकडे गेला, की त्याने आवाज चढवला असे आपण म्हणतो. आणि शांतपणे बोलणारा माणूस एकाएकी ओरडू लागला, तरी त्यानेही आवाज चढवलेलाच असतो. पहिल्या प्रसंगी स्वराची उंची वाढते, दुसऱ्या प्रसंगी त्याचा मोठेपणा. शास्त्राच्या परिभाषेत पहिलीला तारता आणि दुसऱ्याला तीव्रता म्हणतात. भाषेने या दोन गोष्टी एकाच क्रियापदात बांधल्या, यात तिचा काही दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच कानाने ऐकू येतात. परंतु या दोहोंपैकी कोणतीही एक ‘सारखी’ करावयाची, म्हणजे निरनिराळ्या आवाजांना एका मापात बसवावयाचे, असे कोणी ठरवले, की काय घडते, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. योगायोगाने या प्रश्नाचा एक जुना अध्याय आमच्याच भागात, साताऱ्यात आणि सांगलीत, लिहिला गेला. प्रस्तुत लेखात त्या अध्यायाच्या उजेडात आजची एक वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट आम्ही तपासून पाहणार आहोत.

ती गोष्ट अशी. नाट्यवाङ्मय शिकवताना पदे नुसती वाचून भागत नाही, ती ऐकवावी लागतात. त्यासाठी आम्ही गेली काही वर्षे जुन्या नाट्यपदांचा आणि खयालांचा एक संगणकीय संग्रह जमवीत आलो आहोत. त्यात लाखेच्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेली गाणी आहेत, ध्वनिफितींवरची आहेत, सीडीवरची आहेत आणि आकाशवाणीवरून कोणी घरी मुद्रित करून ठेवलेलीही आहेत. ती एकापाठोपाठ लावली, की पहिल्याच तासाला अडचण येते. १९३५च्या सुमारासची तबकडी ऐकण्यासाठी आवाजाची कळ जेथवर फिरवावी लागते, तेथेच पुढचे, २००५ साली मुद्रित झालेले गाणे लागले, तर वर्गातील मुले दचकतात. कळ खाली आणावी, तर पुढची तबकडी कुजबुजू लागते. तेव्हा एका सुट्टीत आम्ही सगळा संग्रह ‘सारखा’ करून टाकला. संगणकाला एक पातळी सांगितली आणि रात्रभर तो काम करीत राहिला. सकाळी सर्व गाणी एका उंचीची झाली होती. त्यानंतर वर्गात एका विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, तोच या लेखाचे निमित्त होय. तिने विचारले, “अब्दुल करीम खाँ एवढ्या मोठ्या आवाजात गात असत का?”

उत्तर ‘नाही’ असे होते. परंतु आमच्या संग्रहाने त्याचे उत्तर ‘होय’ असे देऊन ठेवले होते.

१. गांधाराचा हिशेब

विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर एका निराळ्याच सारखेपणाने अस्वस्थ झाले होते. घरोघरी, कीर्तनात आणि नाटकात पेटी येऊन बसली होती. या पेटीचे सप्तक युरोपीय पद्धतीने बारा समान भागांत विभागलेले असे. त्या विभागणीची सोय मोठी आहे. कोणत्याही पट्टीला षड्ज मानावा, पुढचे सगळे अंतर तेच राहते. गायक बदलला, पट्टी बदलली, तरी पेटी बदलावी लागत नाही. पण या सोयीसाठी प्रत्येक स्वराला आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडे हलावे लागते.

किती हलावे लागते, याचा हिशेब अवघड नाही. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर त्याच्याशी पाचास चार या प्रमाणात उभा असलेला शुद्ध गांधार ३०० कंपनांचा होतो. समान विभागणीच्या पेटीवरचा गांधार मात्र सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. पंचमाचे फारसे बिघडत नाही; तो ३६०च्या ऐवजी सुमारे ३५९.६ होतो आणि हा फरक बहुतेकांच्या कानांना जाणवतही नाही. गांधाराचा फरक मात्र तंबोऱ्याच्या साथीत लपत नाही. षड्जाची तार नीट लागली, की तिच्या अनुनादांतून शुद्ध गांधार आपोआप उमटत असतो. तंबोऱ्याचा गांधार एक आणि पेटीचा दुसरा, अशी स्थिती झाली की दोन स्वर एकमेकांवर घासू लागतात.

देवलांनी हा प्रश्न कानावर सोडला नाही, तो मोजायला घेतला. तारांच्या लांबीवरून स्वरांची प्रमाणे काढण्यासाठी दोन तारांचे वाद्य वापरावे, समोर गवयाला बसवावे आणि त्याचा स्वर तारेवर पकडावा, अशी त्यांची पद्धत होती. या कामी त्यांना लाभलेला गळा होता किराना घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांचा. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. भारतीय सनदी सेवेतील ई. क्लेमंट्स या अधिकाऱ्याने त्यांचे म्हणणे उचलून धरले. १९११ साली सातारा येथे ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली आणि १९१३ साली क्लेमंट्स यांचे भारतीय संगीताच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारे पुस्तक लंडनहून आले. या मांडणीनुसार लंडनच्या ‘मूर अँड मूर’ या कारखान्याकडून एक श्रुती-हार्मोनियमही बनवून घेण्यात आली. सप्तकाला बाराच्या जागी अधिक स्वर देणारी ती पेटी होती. सातारा–सांगलीच्या परिसरात एक निवृत्त महसूल अधिकारी, एक इंग्रज सनदी नोकर आणि एक मुसलमान उस्ताद तारांची लांबी मोजत बसले आहेत, हे चित्र आमच्या सांस्कृतिक इतिहासात पुरेसे रंगवले गेलेले नाही.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे या श्रुतींवर आणि या पेटीवर खडाजंगी चर्चा झाली. विष्णु नारायण भातखंडे यांना देवल–क्लेमंट्स यांची गणिती मांडणी मान्य झाली नाही. श्रुती-हार्मोनियमचा प्रसार झाला नाही. बाजारात, शाळेत आणि देवळात बारा समान स्वरांचीच पेटी राहिली. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, ते या बंदीच्या काळातच. परंतु बंदीनेही पेटी हटली नाही. आज बहुतेक मैफलींत गायकाच्या बाजूला तीच असते आणि कसबी साथीदार आपल्या वादनाच्या हुशारीने त्या दोन-अडीच कंपनांवर पांघरूण घालीत असतो.

देवलांचा पराभव झाला, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येईल. आम्हांस त्यांचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. सारखेपणाला त्यांचा विरोध नव्हताच. तेही मापेच घेत होते. ‘कशाच्या तुलनेत सारखे?’ एवढेच ते विचारीत होते. समान विभागणीत प्रत्येक स्वर शेजारच्या स्वरापासून सारख्या अंतरावर असतो, पण षड्जाशी असलेले त्याचे नाते ढळते. नैसर्गिक सप्तकात अंतरे असमान असतात आणि नाते मात्र टिकते. हा भेद ध्यानात ठेवून आता तारतेकडून तीव्रतेकडे वळू.

२. कर्णा, सुई आणि काटा

तबकडीवरील आवाजाची पातळी ही कधीच निव्वळ गायकाच्या गळ्याची पातळी नसते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला, तेव्हापासून पुढची दोन दशके भारतातील ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. गाणाराने कर्ण्याच्या तोंडाशी गावयाचे आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई हलून मेणावर रेघ उमटावयाची. वीज नाही, वर्धक नाही. बारीक आवाजाच्या गायकाने कर्ण्याजवळ जावे, जोरकस गायकाने तान घेताना मागे सरावे, साथीची वाद्ये बसतील तेथे बसवावीत. या हलण्या-सरकण्यातूनच पातळी ठरत असे. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०४-०५च्या सुमारासच्या तबकड्या या पद्धतीच्या आहेत.

१९२५ नंतर विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले. ध्वनिग्राहकासमोर हळू आवाजात गाणेही आता शक्य झाले. खाँसाहेबांची १९३० नंतरच्या दशकातील ओडियनची मुद्रणे, विशेषतः झिंझोटी आणि भैरवीतील त्यांच्या ठुमऱ्या, आपल्यापर्यंत ज्या हळुवारपणाने पोहोचतात, त्यामागे हे नवे यंत्र आहे. आवाज नाजूक, किंचित नासिक्य, तारेसारखा बारीक. तो न चढवता स्वर चढवणे, हेच तर त्यांचे वैशिष्ट्य. या लेखाच्या आरंभी ज्या दोन अर्थांचा उल्लेख केला, ते दोन अर्थ खाँसाहेबांनी आपल्या गळ्यात वेगळे करून दाखवले. तारसप्तकात जाताना त्यांचा स्वर उंच होतो, मोठा होत नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जाताना वाटेतील एका लहान रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला. सांगलीजवळच्या या गावाशी त्यांचे नाते असे कायमचे जडले.

याच काळात रंगभूमीवर उलट परिस्थिती होती. नाटकगृहात ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचवणे हे नटाच्या छातीचे काम होते. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. तेच पद तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत, ध्वनिग्राहकासमोर गायले गेले, तेव्हा त्याची पातळी नाटकगृहाने ठरवलेली राहिली नाही. पुढे आकाशवाणीवर तीच तबकडी वाजली, तेव्हा नियंत्रणकक्षातील माणसाने काट्याकडे पाहत ती पुन्हा एकदा बसवली. कारण प्रक्षेपकाला झेपेल त्यापलीकडे आवाज गेला की तो फाटतो. म्हणजे आपल्याजवळ आलेल्या एका पदाच्या पातळीत गळा, खोली, कर्णा किंवा ध्वनिग्राहक, तबकडीची झीज, प्रक्षेपक आणि शेवटी संगणकात उतरवून घेणाऱ्याचा हात, अशा सहा-सात थरांची भर असते. यांतील काही थर इतिहासाचे आहेत आणि काही निव्वळ अपघाताचे. सारखे करताना कोणता थर काढतो आहोत, हे कळणे अवघड होते ते यामुळे.

३. संगणकाचा तराजू

संगणकाला आवाज सारखे करण्यास सांगितले की तो काय करतो, हे आमच्यासारख्या वाङ्मयाच्या माणसांना ठाऊक नसते. ते थोडक्यात सांगणे इष्ट होईल.

सर्वांत सोपा आणि जुना मार्ग शिखर जुळवण्याचा. गाण्यातील सर्वांत उंच क्षण शोधावयाचा आणि तो कमाल मर्यादेपर्यंत नेऊन ठेवावयाचा. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत हा मार्ग हास्यास्पद ठरतो. लाखेवरील एका चऱ्याचा ‘खट्’ असा आवाज गायकाच्या कोणत्याही स्वरापेक्षा उंच असतो. मग यंत्र त्या चऱ्यालाच शिखर समजते आणि खाँसाहेबांचा गळा पूर्वीइतकाच दबलेला राहतो. पातळी चऱ्याने ठरवली, गायकाने नव्हे.

कान शिखरे मोजत नाही, तो एकंदर भार जोखतो. शिवाय सर्व स्वरांना तो सारखा दाद देत नाही. फार खर्जातील ध्वनी त्याला तेवढ्याच शक्तीच्या मधल्या ध्वनीपेक्षा लहान वाटतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले होते. ही जाण हिशेबात घेणारी ‘रीप्लेगेन’ नावाची पद्धत डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली मांडली. तिच्यात गाण्याचा जाणवणारा मोठेपणा काढून, एका ठरावीक पातळीशी तो जुळवण्यास किती डेसिबल कमी-अधिक करावे लागतील, एवढा आकडा गाण्याच्या फाइलीत टिपून ठेवला जातो. वाजवणारे यंत्र तो आकडा वाचते. मूळ ध्वनीला हात लागत नाही. ‘एमपीथ्रीगेन’ हा त्याच काळचा दुसरा प्रोग्राम फाइलीतील एक अंक दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, आणि तोही पूर्ववत करता येतो. पुढे २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने मोठेपणा मोजण्याचे एक प्रमाण ठरवले. २०१०मध्ये युरोपीय प्रक्षेपकांच्या संघाने त्याच्याच आधारे उणे २३ ही पातळी आपल्या कार्यक्रमांसाठी स्वीकारली. गाणी ऐकवणाऱ्या आजच्या सेवाही असाच तराजू वापरतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ आहे.

हे आकडे उणे का, हे पाहण्यासारखे आहे. संगणकीय ध्वनीला एक कमाल मर्यादा असते, तिला शून्य म्हणतात. तिच्यापलीकडे काहीच जात नाही. जाऊ पाहणारी लाट वरून छाटली जाते. चऱ्यांनी भरलेली दबकी तबकडी वर उचलावयाची, तर तिचे चरे लगेच त्या छताला टेकतात, आणि आवाजाबरोबर लाखेची खरखरही तेवढीच वर येते. म्हणून सर्वांना एका पातळीवर आणण्याचा एकच निर्धोक मार्ग उरतो : दबक्यांना उचलण्यापेक्षा मोठ्यांना खाली आणणे आणि ऐकणाऱ्याने कळ स्वतःच्या हाताने वर फिरवणे. सारखेपणाचा हा नियम केवळ ध्वनीपुरता आहे की काय, हे आम्ही वाचकांवर सोडतो.

मोठ्यांना खाली आणण्याची गरज पडली, कारण मधल्या काळात मोठेपणाची शर्यत लागली होती. १९९० नंतरच्या दशकात आणि पुढेही अनेक मुद्रणे अधिकाधिक जोरात वाजावीत, अशी तयार केली गेली. २००८ साली ‘मेटॅलिका’ या अमेरिकी वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या संग्रहाबद्दल त्याच्या चाहत्यांनीच तक्रार केली होती. या शर्यतीचे साधन मात्र पातळी वाढवणे हे नसते. ते असते दाबणे : गाण्यातील हळू भाग उचलावयाचे, जोराचे भाग दडपावयाचे आणि मग सगळ्याला छतापर्यंत न्यावयाचे. या दोन क्रियांतील फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवला पाहिजे. पातळी कमी-अधिक करणे म्हणजे ऐकणाऱ्याची खुर्ची गायकाच्या जवळ किंवा दूर सरकवणे; दाबणे म्हणजे गायकाच्या गळ्यावर हात ठेवणे. खुर्ची पुन्हा जागेवर ठेवता येते. दाबलेला गळा सहसा मोकळा होत नाही.

४. सुटे गाणे आणि सबंध मैफल

आमची चूक मात्र दाबण्याची नव्हती. आम्ही केवळ पातळीच बदलली होती, तरीही विद्यार्थिनीची फसगत झाली. याचे उत्तर या पद्धतींतील एका साध्या निवडीत आहे. रीप्लेगेनने आरंभापासून दोन मापे दिलेली आहेत : एक सुट्या गाण्याचे, दुसरे सबंध संग्रहाचे. पहिल्यात प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे ठरावीक पातळीवर येतो. दुसऱ्यात सर्व तुकड्यांचा एकत्र हिशेब होऊन सर्वांना एकच आकडा लावला जातो, त्यामुळे त्यांची आपसांतील उंचसखलता टिकून राहते.

आम्ही पहिले माप वापरले होते. त्याचा परिणाम खयालावर पाहावा. सीडीवर एका रागाचे विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे वेगवेगळे असतात. गायक विलंबिताचा आरंभ जवळजवळ स्वगत बोलल्यासारखा करतो, हळूहळू भरत जातो आणि द्रुतात सगळी शक्ती मोकळी करतो. प्रत्येक तुकडा सुटा मोजला, की विलंबित उचलले जाते, द्रुत खाली येते आणि दोन्ही एकाच पातळीवर उभी राहतात. अर्ध्या-पाऊण तासाचा चढ सपाट होतो. स्वर तेच, ताल तोच, एकही सूर बदललेला नाही. हरवले आहे ते नाते. शंभर वर्षांपूर्वी सांगलीत ज्याची मापे घेतली जात होती, ती ही तक्रार. समान विभागणीने गांधाराचे षड्जाशी असलेले नाते जसे ढळवले, तसेच सुट्या मापाने द्रुताचे विलंबिताशी असलेले नाते ढळवले. खाँसाहेबांचा नाजूक गळा आणि रंगभूमीवरच्या एखाद्या नटाची भरदार छाती शेजारी शेजारी सारख्या मोठेपणाने उभी केली, तेव्हाही हेच झाले.

परंतु न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सारखे केलेच नसते, तर वर्गात काय झाले असते? जुनी तबकडी कुजबुजली असती आणि पुढच्या झगझगीत मुद्रणाने ती पुसून टाकली असती. मुलांनी खाँसाहेबांना ऐकलेच नसते. दबक्या मुद्रणाचा दबकेपणा हा पुष्कळदा गायकाचा गुण नसून यंत्राचे दारिद्र्य असते, आणि त्या दारिद्र्याची शिक्षा गायकाला का व्हावी? पातळी जुळवणे हा जुन्या आवाजाला मिळालेला न्याय आहे, हे आम्ही आजही मानतो. प्रश्न तो कोणत्या मापाने द्यावा, एवढाच आहे.

५. मिरजेची जवारी

या प्रश्नाचे एक उत्तर मिरजेतील तंतुवाद्यांच्या कारागिरांनी आमच्या समोरच ठेवलेले आहे, असे आम्हांस वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात. फरीदसाहेब सतारमेकर हे या परंपरेचे आद्य नाव, आणि शिकलगार म्हणजे शस्त्रे घडवणाऱ्या घराण्यातून ही विद्या तेथे रुजली, असे सांगितले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोरा सुतारकामाने तयार होतो, पण बोलू लागतो तो जवारीने. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसेने, अगदी केसागणिक घासून असा उतार आणावा लागतो की तार तेथे हलकेच टेकत राहील आणि तिच्यातून अनुनादांची झालर उमटेल. मग तारेखाली दोरा सरकवून ती झालर जागेवर आणावयाची. यात चार तारा आहेत, त्यांची जाडी वेगळी, ताण वेगळा, काम वेगळे. एक तार पुढे आली तर तंबोरा बिघडला, एक मागे राहिली तरी बिघडला. त्या अर्थी कारागीर पातळ्याच जुळवीत असतो. तरीही खर्जाची तार जोडीच्या तारांसारखी वाजावी असा त्याचा प्रयत्न कधीच नसतो. चारही तारा मिळून एक सलग नाद व्हावा आणि त्या नादात प्रत्येकीची जागा राहावी, एवढे तो पाहतो. तो तारा सुट्या मोजत नाही. सबंध तंबोरा ऐकतो. रीप्लेगेनच्या दुसऱ्या मापाला मराठी नाव द्यावयाचे झाले, तर आम्ही त्यास ‘जवारीचे माप’ म्हणू.

६. पोथी सारखी करणारे

हा लेख वाचणारे बहुतेक जण वाङ्मयाचे अभ्यासक आहेत. त्यांना हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपला व्यवसायच मुळी पातळ्या जुळवण्याचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांनी विस्कटलेल्या पोथ्या जुळवून एक शुद्ध प्रत सिद्ध केली. ते केले नसते तर ग्रंथ लोकांपर्यंत एकसंध पोहोचला नसता. परंतु पुढे वि. का. राजवाड्यांना त्या शुद्ध प्रतीच्या मागे जावेसे वाटले आणि त्यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. देवलांचे श्रुतींवरील पुस्तक त्याच्या पुढच्याच वर्षीचे आहे, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. सारखे करण्याआधी काय होते, याची ओढ त्या काळात एकाच वेळी भाषेत आणि स्वरांत जागी झाली होती. दोघांच्याही निष्कर्षांवर वाद झाले. दोघांचीही जिज्ञासा खरी होती.

१९६२च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. लिहिणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची मोठी सोय झाली आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु ‘घरीं’ या शब्दावरील टिंबात एक विभक्ती आणि एक जुना उच्चार जपलेला होता, हे ज्याने जुनी छपाई पाहिली नाही त्याला आता कळणार नाही. जुना गद्यलेखक नव्या नियमांनी छापून वर्गात ठेवला, की तो आपल्या काळापेक्षा जवळचा वाटू लागतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नातील खाँसाहेबांसारखाच तोही एका अनोळखी हाताने पुढे सरकवलेला असतो. निवडक कवितांच्या पुस्तकात तर सर्वच कवी एकाच आकाराच्या टंकात, एकाच पातळीवर बोलतात. कोण कुजबुजत होता आणि कोण सभेत उभा राहून बोलत होता, हे टंक सांगत नाही. ते शिक्षकाला सांगावे लागते.

७. काय करावे

आम्ही काय केले, ते सांगून लेख आटोपता घेतो. सुदैवाने आमच्या प्रोग्रामने मूळ ध्वनी बदलला नव्हता, केवळ आकडे टिपून ठेवले होते. ते आकडे आम्ही पुसले. मग संग्रहाचे गट पाडले : एका मैफलीचा एक गट, एका नाटकाच्या पदांचा एक गट, एका गायकाच्या एका काळातील तबकड्यांचा एक गट. प्रत्येक गटाला एकच माप लावले, जेणेकरून गटाच्या पोटातील चढउतार अबाधित राहावेत आणि गटागटांतील यंत्राचा अन्याय तेवढा दूर व्हावा. खाँसाहेबांचा गट आम्ही हेतुपुरस्सर इतरांपेक्षा थोडा खाली ठेवला आहे. हा निर्णय कोणत्याही आकड्याने दिलेला नाही, तो आमच्या कानाचा आहे आणि चुकीचा असू शकेल. म्हणूनच प्रत्येक गटाला किती डेसिबल कमी-अधिक केले आणि का, याची एक वही संग्रहाजवळ ठेवली आहे. संपादकाने पाठभेद तळटीपेत द्यावेत, तशी ही आमची तळटीप.

यातून अभ्यासकांनी घ्यावयाच्या गोष्टी आमच्या मते तीन आहेत. मूळ प्रत कधीही बदलू नये, बदल वेगळा टिपावा. मोजण्याचे एकक काय धरले, सुटे गाणे की सबंध मैफल, हे ऐकणाऱ्यास सांगावे. आणि जे आकडे हाताने बदलले, ते आपल्या नावानिशी बदलले, असे मान्य करावे.

पुढच्या तासाला आम्ही खाँसाहेबांची भैरवी पुन्हा लावली. या खेपेस ती जरा लांबून येत होती. पंख्याचा आवाज तिच्यावर होत होता, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने उठून पंखा बंद केला. वर्गातील उकाडा वाढला, पण कोणी काही बोलले नाही. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता, ती किंचित पुढे झुकून ऐकत होती.